नव्या ‘डकटेल्स’मध्ये वेबीमुळे ह्युई मागे पडला का?

तुमचा प्रश्न असा आहे: २०१७ साली नव्याने आलेल्या ‘डकटेल्स’ या डिस्नेच्या कार्टून मालिकेत वेबीला प्रमाणाबाहेर वाव दिला आणि त्यापायी तिळ्या भावांपैकी ह्युईवर अन्याय झाला, असं बरेच चाहते म्हणतात, ते कितपत खरं? माझ्या मते ह्युईबद्दलची तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे, पण तिचं खापर वेबीवर फोडणं चूक आहे. वेबीच्या बाबतीत खरी गडबड झाली ती अगदी शेवटच्या भागात, आणि तिथे नुकसान झालं ते तिचंच. (पुढे शेवटापर्यंतचं सगळं कथानक येणार आहे. मालिका पाहायची राहिली असेल तर आधी ती पाहून या.)

आधी ओळख: अतिश्रीमंत बदक स्क्रूज, त्याचा भाचा डोनाल्ड, आणि डोनाल्डच्या बहिणीची, डेलाची, तिळी मुलं ह्युई, ड्युई, लुई यांच्या साहसांची ही मालिका. वेबी ही स्क्रूजच्या वाड्याचा कारभार पाहणाऱ्या मिसेस बीकलीची नात. आता हा वाद जुन्या मालिकेच्या वेळी का झाला नाही, इथून सुरुवात करते. १९८७ ते १९९० या काळात आलेल्या त्या शंभर भागांत ह्युई, ड्युई आणि लुई ओळखायचे ते टोपीच्या रंगावरून. लाल, निळा, हिरवा, बस्स. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं, तिसऱ्याने संपवायचं. तिघांचाही आवाज एकाच कलाकाराचा, रसी टेलर यांचा. वेबीचा आवाजही त्यांचाच. तिघे मिळून एकच पात्र होतं, मग कोणाला जास्त आणि कोणाला कमी हा प्रश्न येतोच कुठे? वेबी त्या तिघांहून लहान, बाहुली कवटाळून फिरणारी, आणि मोहिमेवर निघताना तिला बहुतेक वेळा मागेच ठेवलं जायचं.

नवी मालिका उभी करताना मॅट यंगबर्ग आणि फ्रान्सिस्को अँगोनेस यांनी हे मुळापासून बदललं. तिघांना तीन वेगळे कलाकार दिले: ह्युईला डॅनी पुडी, ड्युईला बेन श्वार्ट्झ, लुईला बॉबी मॉयनिहन. कपडे वेगळे, केस वेगळे, टोपी फक्त ह्युईच्या डोक्यावर उरली. वेबी आता त्यांच्या बरोबरीची. आजी मिसेस बीकली एकेकाळची गुप्तहेर, त्यामुळे नात मारामारीत तरबेज. पण वाड्याबाहेर फारशी न पडलेली, मित्रमैत्रिणींसाठी आसुसलेली. म्हणजे जिथे आधी एक पात्र आणि एक शेपूट होतं, तिथे आता चार मुलं झाली, आणि चौघांनाही साधारण बावीस मिनिटांच्या भागात बसवायचं होतं. वर स्क्रूज, डोनाल्ड, वैमानिक लाँचपॅड, पुढे वेबीच्या मैत्रिणी लीना आणि व्हायोलेट, आणि डेला. ओढाताण होणारच होती.

त्यात वेबी शून्यातून वर आलेली. जिला आधी काहीच नव्हतं तिला बरोबरीचा वाटा मिळाला की तो जुन्या प्रेक्षकाला जास्तच भासतो. चाहत्यांचा निम्मा राग मला यातूनच आलेला दिसतो.

आता मोजायचं कसं हा मुद्दा. वाद घालणारे बहुतेक जण भाग मोजतात: अमक्याचे इतके भाग, तमकीचे तितके, कोणाला किती मिनिटं. हे माप मला पटत नाही. एखादं पात्र पूर्ण भागभर पडद्यावर असून नुसतं माहिती पुरवत असेल तर त्याच्या वाट्याला काहीच आलेलं नसतं. उलट दोन मिनिटांच्या प्रसंगात एखादा असा निर्णय घेतो की पुढचे पाच भाग त्याचे परिणाम भोगण्यात जातात. म्हणून मी बघते ते हे की कोणाच्या निर्णयाने गोष्ट वळली, आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली.

हे माप लावून पहिला सीझन पाहा. पहिल्याच मोठ्या भागाच्या शेवटी ड्युईला एका जुन्या चित्रात स्क्रूज आणि डोनाल्डच्या शेजारी आपली आई दिसते. हा शोध तो भावांना सांगत नाही, वेबीला मात्र सोबत घेतो. दोघं मिळून स्क्रूजचं दफ्तर धुंडाळतात, डेलाने लिहून ठेवलेली चिठ्ठी मिळवतात. वरवर पाहिलं तर वेबीने ह्युई आणि लुईची जागा बळकावली असंच वाटेल. पण लपवायचं ठरवलं कोणी? ड्युईने. स्क्रूजच्या वडिलोपार्जित किल्ल्यातल्या भागात हे गुपित फुटतं तेव्हा ह्युई आणि लुई चिडतात ते ड्युईवर, आणि का चिडू नयेत? आई तिघांची होती. त्या भांडणात वेबी कडेला उभी आहे. पुढे विमान डोंगराच्या सुळक्यावर अडकून तोल सांभाळत लोंबकळतंय, कोणी जरा हललं की कलतंय, अशा अवस्थेत मुलं स्क्रूजला घेरतात आणि त्याला डेलाच्या अंतराळयानाची सगळी हकीकत सांगावी लागते. ते यान त्याने तिच्यासाठी बांधून घेतलं होतं. ती ते परस्पर घेऊन गेली आणि अवकाशातल्या वादळात हरवली. त्यानंतर तिळे स्क्रूजला सोडून जातात. मुलांच्या कार्टूनमध्ये इतका कडवट प्रसंग मी फार कमी वेळा पाहिला आहे. त्याचं ओझं ड्युई आणि स्क्रूज या दोघांवर आहे. वेबीची स्वतःची गोष्ट याच सीझनमध्ये वेगळी चालली आहे, लीनाबरोबरच्या मैत्रीची, आणि ती कोणाच्याही वाट्यातून काढून घेतलेली नाही.

याच सीझनमध्ये आणखी एक भाग आहे, जो ‘वेबीने ह्युईचं खाल्लं’ म्हणणाऱ्यांनी पुन्हा पाहायला हवा. जमिनीखाली टेराफर्मियन नावाचे जीव राहतात असं वेबी म्हणते. ह्युई ठाम नाही म्हणतो, कारण तो ज्या बालवीर संघटनेत आहे त्या ज्युनिअर वुडचक्सच्या पुस्तकात त्यांची नोंद नाही. बंद पडलेल्या भुयारी रेल्वेच्या अंधारात दोघं हट्टाला पेटतात, आणि हळूहळू लक्षात येतं की ह्युईचा हट्ट हुशारीतून आलेला नाही, भीतीतून आलाय. पुस्तकात जे नाही ते त्याला झेपत नाही. ह्युई म्हणजे कोण हे या भागाने पहिल्यांदा नीट दाखवलं, आणि ते वेबी समोर उभी राहिली म्हणूनच दाखवता आलं. तिच्या जागी ड्युई किंवा लुई असते तर त्यांनी थट्टा करून विषय सोडून दिला असता.

मग ह्युई कुठे कमी पडला? दुसऱ्या सीझनमध्ये. तो सीझन लुईचा आहे आणि फार चांगला आहे. लुई कालप्रवासाचं यंत्र चोरून वापरतो, भूतकाळातला हरवलेला खजिना थोडा थोडा उचलत राहतो. त्यातून काळाचं वादळ उठतं आणि घरातली माणसं एकेक करून गायब होऊ लागतात. सगळं निस्तरल्यावर याच सीझनमध्ये अवकाशातून परत आलेली डेला त्याला शिक्षा करते, आणि मुलांकडे परतून फार दिवस न झालेल्या आईने पहिल्यांदा आवाज चढवलेला पाहून आपण लुईइतकेच दचकतो. पुढे तोच लुई स्क्रूजचा प्रतिस्पर्धी असलेल्या ग्लोमगोल्डला त्याच्याच करारात पकडतो, जगातला सर्वांत श्रीमंत होतो आणि त्या श्रीमंतीखाली पिचतो. निर्णय त्याचा, किंमतही त्याची. याच काळात ह्युई काय करतो? माहिती सांगतो, घाबरतो, यादी करतो. डेलाच्या परत येण्याने लुईचं आणि ड्युईचं काय झालं हे मला सविस्तर सांगता येईल. ह्युईचं काय झालं हे सांगताना दोन वाक्यांत विषय संपतो. आई परत आल्यावर सगळ्यात जास्त घडी विस्कटायला हवी होती ती नियमाने जगणाऱ्या मुलाची, आणि नेमकं तिथे लेखकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. याची चीड मला आजही येते.

याचं कारण मला मूळ वाटणीतच दिसतं. ज्युनिअर वुडचक्स ही बालवीरांची संघटना कार्ल बार्क्स यांनी १९५१ साली कॉमिक्समध्ये आणली, आणि तिथे तिघेही भाऊ वुडचक होते. हुशार, शिस्तीचे, मोठ्यांपेक्षा समंजस, हा तिघांचा समाईक स्वभाव होता. नव्या मालिकेत ड्युईला धाडसाची हाव आणि आईची ओढ मिळाली, लुईला आळस आणि व्यवहारी धूर्तपणा मिळाला, आणि तो जुना समाईक स्वभाव उचलून ह्युईला दिला. म्हणजे दोघांना नवं काही मिळालं, तिसऱ्याला घरातलं जुनंच. त्यामुळे ह्युईचा दोष काय, त्याला हवंय काय, हे शोधायला लेखकांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

तिसऱ्या सीझनमध्ये ते सापडलं. सुरुवातीलाच सीनिअर वुडचकच्या पदासाठी ह्युई आणि व्हायोलेट यांची स्पर्धा आहे, आणि ह्युई ती हरतो. जे पद त्याने जन्मसिद्ध धरलं होतं ते दुसऱ्याच मुलीला मिळतं. हा पराभव लिहिण्याची हिंमत मला फार आवडली. त्याच भागात इसाबेला फिंच या जुन्या काळच्या साहसी शोधयात्री बाईची डायरी हाती लागते आणि सीझनभराचा शोध सुरू होतो. पुढे बॉयड या यंत्रमुलाचा भाग आहे. तू खराच मुलगा आहेस, हे ह्युई त्याला इतक्या खात्रीने सांगतो की यंत्राची मोजमापं तिथे निकामी ठरतात. पुस्तकाबाहेरचं काहीच न मानणाऱ्या मुलाने पुस्तक बाजूला ठेवून कोणावर तरी विश्वास टाकला. तीन सीझनमधला हा त्याचा सगळ्यात मोठा प्रवास आहे आणि तो पुरेसा पोचलाय.

आणि मग मार्च २०२१ मधला शेवटचा भाग. खलनायक ब्रॅडफर्ड हा फिंचचा नातू, जगातला पहिला ज्युनिअर वुडचक, साहसाची शिसारी असलेला, सगळं काही शिस्तीत बसवू पाहणारा. ह्युई भीतीच्या बाजूने गेला असता तर जो झाला असता तो हा माणूस. सगळी मांडणी या दोघांच्या टकरीसाठी झालेली होती. पण त्याच भागात कळतं की वेबी ही फाउल या खलनायकांच्या संघटनेने स्क्रूजच्या अंशापासून तयार केलेली प्रतिकृती आहे, मूळ नाव एप्रिल, आणि बीकलीने तिला तान्ही असताना तिथून बाहेर काढलं. हे इतकं मोठं आहे की बाकी सगळं त्याखाली दबतं. ह्युईच्या सीझनचा शेवट वेबीचा झाला, ही तक्रार म्हणून मला मान्य आहे.

पण वेबीचे चाहते यावर खूश असायला हवेत असं समजू नका. वेबीत जे सुंदर होतं ते हेच होतं की ती त्या घरात रक्ताने कोणाची नव्हती. मिसेस बीकलीची नात, एवढाच तिचा हक्क. स्क्रूजच्या साहसांचा बारीकसारीक तपशील पाठ करणारी, कुटुंबाचा वंशवृक्ष भिंतीवर मांडून स्वतः त्याच्या बाहेर उभी राहणारी मुलगी केवळ प्रेमाच्या बळावर त्यांच्यातली झाली होती. लीना आणि व्हायोलेटही तशाच त्या गोतावळ्यात आल्या. शेवटी येऊन ‘ती मुळात स्क्रूजचीच होती’ म्हटल्यावर आधीच्या तीन सीझनची कमाई हलकी होते. तिला या दाखल्याची गरजच नव्हती. काही जण म्हणतात, स्क्रूजला स्वतःचं असं कोणीतरी मिळालं, म्हणून शेवट गोड आहे. तो क्षण पाहताना मलाही भरून आलं, हे खरं. तरी ते गोडपण माझ्या दृष्टीने चुकीच्या किमतीला घेतलेलं आहे.

डोनाल्डबद्दल थोडक्यात: पहिल्या सीझनमध्ये तो खरोखरच फार कमी आहे, आणि या वादात त्याची बाजू सगळ्यात भक्कम असूनही त्याच्यासाठी भांडणारे कमी. जुन्या मालिकेने तर त्याला सुरुवातीलाच नौदलात पाठवून दिलं होतं. त्याचं बोलणं पटकन कळत नाही, लांब संवाद देणं अवघड जातं, ही अडचण आहेच. पहिल्या सीझनच्या शेवटी त्याला आवाज बदलणारं यंत्र देऊन डॉन चीडल यांच्या आवाजात बोलायला लावलं, ती युक्ती भन्नाट होती. पुढे त्याला बरंच काही मिळालं, पण मुलांना एकट्याने वाढवलेल्या मामाला, डेला परत आल्यावर, बहिणीशी समोरासमोर बसून सगळं बोलायला जितका वेळ द्यायला हवा होता तितका दिला नाही.

तुम्ही ह्युईसाठी ही मालिका पुन्हा पाहणार असाल तर सगळी पाहू नका. पहिल्या सीझनमधला टेराफर्मियन्सचा भाग, मग थेट तिसऱ्या सीझनचा वुडचक स्पर्धेचा भाग, आणि लगोलग बॉयडचा. हे तीन ओळीने पाहा आणि मधे दुसऱ्या सीझनचं काहीही घालू नका. पहिल्यात समोर वेबी आहे, दुसऱ्यात व्हायोलेट, तिसऱ्यात बॉयड. तिन्ही वेळा ह्युई उलगडतो तो भावांपासून दूर, दुसऱ्या कोणासमोर. म्हणून वेबीला कमी केलं असतं तर ह्युईला जास्त मिळालं असतं, हा हिशेब मला मान्य नाही.