परदेशातली नोकरी गेल्यास बेकारी भत्ता मिळतो का?

प्रश्न : माझा मुलगा येथील कलाभवनातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन अडीच वर्षांपूर्वी जर्मनीला गेला आणि तेव्हापासून श्टुटगार्टजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ब्ल्यू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, नोकरीस आहे. काम घटल्यामुळे दोन महिन्यांनंतर त्याला ठेवता येणार नाही, असे कंपनीने तोंडी सांगितले असून, परस्परसंमतीने नोकरी संपवत असल्याच्या एका करारावर सही मागितली आहे. तेथील बेकारी भत्ता परदेशी माणसाला मिळतो का? तो घेतल्यास व्हिसाला बाधा येते, असे आमचे नातेवाईक सांगतात. शिवाय काही आठवडे घरी येऊन जावे, असे मुलाच्या मनात आहे.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सर्वांत आधी आपल्या चिरंजीवांना कळवावे की, त्या करारावर त्यांनी तूर्त सही करू नये. नोकरी आपण होऊन सोडली किंवा अशा करारावर सही केली, तर ‘बेकारी कामगाराने स्वतः ओढवून घेतली’ असे बहुतेक वेळा धरले जाते आणि भत्ता 12 आठवडे रोखला जातो. एवढेच नव्हे, तर भत्त्याच्या एकूण मुदतीतूनही निदान चौथा हिस्सा कापला जातो. काही परिस्थितींत हा दंड टळतो, पण ते कराराचा मसुदा कामगार कायद्याच्या वकिलाने वाचल्यावरच ठरवता येईल. कंपनीला काढायचेच असेल, तर तिने सहीनिशी कागदावर नोटीस द्यावी. तेथील कायद्याने तोंडी सांगणे किंवा ई-मेल पाठवणे ही नोटीस ठरत नाही. अशी नोटीस हाती पडल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात तिला आव्हान देता येते आणि ही मुदत सहसा वाढवून मिळत नाही.

आता हक्काविषयी. हा भत्ता म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, तो विमा आहे. मुलाच्या पगाराच्या स्लिपवर आरोग्य विमा आणि पेन्शन यांच्याबरोबर ‘ए. व्ही.’ अशा अक्षरांची एक ओळ असेल. ती बेकारी विम्याची कपात होय. सध्या पगाराच्या 2.6 टक्के इतका हा हप्ता असून त्यातला अर्धा कामगार आणि अर्धा मालक भरतो; नागरिकत्व कोणते, हे त्यात पाहिले जात नाही. मागील 30 महिन्यांत किमान 12 महिने हा हप्ता भरलेला असला की हक्क निर्माण होतो. भत्ता साधारणपणे निव्वळ पगाराच्या 60 टक्के, आणि मूल असल्यास 67 टक्के मिळतो. 12 महिने हप्ता भरणाऱ्याला तो 6 महिने आणि 24 महिने भरणाऱ्याला 12 महिने मिळतो. आपल्या मुलाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून कापला गेला असेल, तर तो दुसऱ्या गटात बसतो. मात्र जे भारतातील कंपनीच्या पगारावर राहून तेथे पाठवले गेले आहेत, त्यांनी ही ओळ स्लिपवर आहे की नाही, हे आधी तपासावे.

नातेवाईकांच्या सांगण्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. निर्वाहासाठी करांच्या पैशातून दिली जाणारी मदत घेतली, तर निवास परवान्याच्या वेळी ती अडचणीची ठरू शकते. स्वतः भरलेल्या हप्त्यांवर मिळणारा बेकारी भत्ता मात्र त्या हिशेबात धरला जात नाही, आणि हे तेथील निवास कायद्यातच स्पष्ट म्हटलेले आहे. केवळ या भीतीपोटी अनेक मुले अर्जच करत नाहीत आणि साठवलेल्या पैशांवर दिवस काढतात, याचे मला फार वाईट वाटते.

खरी काळजी मुदतींची घ्यावी. नोकरी संपण्यास तीन महिन्यांहून कमी काळ उरला असेल, तर ती संपणार असे समजल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात, म्हणजे ‘आगेंटूर फ्यूर आर्बाइट’मध्ये, ‘काम शोधत आहे’ अशी नोंद करावी लागते. आपले पत्र येईपर्यंत हे तीन दिवस उलटले असतील, तरी ही नोंद आजच करावी. उशिराचा दंड एक आठवड्याच्या भत्त्याचा असतो. त्यानंतर ‘बेकार झालो’ अशी दुसरी, स्वतंत्र नोंद फार तर बेकारीच्या पहिल्या दिवशी झाली पाहिजे. पहिली नोंद केली म्हणजे सारे झाले असे समजून पुष्कळजण येथेच चुकतात. भत्ता या दुसऱ्या नोंदीपासून सुरू होतो, मागचे दिवस भरून मिळत नाहीत.

याशिवाय परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, म्हणजे ‘आउसलेंडरबेहोर्डे’ला, नोकरी संपल्याचे दोन आठवड्यांत कळवणे बंधनकारक आहे. रोजगार कार्यालयाला कळवले म्हणजे यांनाही कळले, असे होत नाही. ब्ल्यू कार्ड त्याच दिवशी रद्द होत नाही, परंतु त्याची मुदत कमी करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला असतो आणि नवी नोकरी शोधण्यासाठी बहुधा काही महिने दिले जातात. म्हणजे कागदावर भत्ता 12 महिन्यांचा असला, तरी तेथे राहण्याची परवानगी तितकी टिकेलच असे नाही. मुलाने आपल्या शोधाची आखणी भत्त्याच्या नव्हे, परवान्याच्या मुदतीवरून करावी.

घरी येण्याविषयी : भत्ता चालू असताना माणूस कामासाठी उपलब्ध असला पाहिजे, म्हणून कार्यालयाची आगाऊ संमती घेतल्यावरच वर्षाला तीन आठवड्यांपर्यंत बाहेर राहता येते, आणि पहिल्या तीन महिन्यांत ही संमती सहसा देत नाहीत. न सांगता वडोदऱ्याला आल्यास त्या काळाचा भत्ता परत करावा लागेल. आईवडिलांना भेटायचेच असेल, तर शिल्लक रजा घेऊन त्याने नोकरी चालू असतानाच यावे. कायमचे परत आल्यास हा भत्ता थांबतो. तो भारतात मिळत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दुबईत नोकरीस होता. नोकरी गेल्यावर तो व्हिसा रद्द करून गेल्या महिन्यात वडोदऱ्याला परतला. तेथील बेकारी विम्याची रक्कम त्याला येथून मागता येईल का?
— एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : नाही. 2023 पासून संयुक्त अरब अमिरातीत हा विमा सक्तीचा आहे, परंतु दावा करणारा माणूस त्या देशात कायदेशीरपणे राहत असावा लागतो आणि दावा नोकरी संपल्यापासून 30 दिवसांच्या आत करावा लागतो. देश सोडला की हक्क संपतो. सलग 12 महिने हप्ता भरलेल्याला मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. राजीनामा देणाऱ्याला ती मिळत नाही. आखाती देशांत मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त अशी विभागणी पुष्कळदा असते, त्यामुळे ही रक्कम हाती येणाऱ्या पगाराच्या मानाने बरीच लहान निघते. आपल्या ओळखीचे आणखी कोणी तेथे असतील, तर दावा दाखल करण्यापूर्वी त्यांनी व्हिसा रद्द करून विमानात बसू नये, हे त्यांना जरूर कळवावे.