बटण बंद, तरी दिवा मिणमिणतो

प्रश्न : बटण बंद केलं तरी छताचा एलईडी बल्ब मंद पेटत राहतो. बल्ब खराब आहे का?

उत्तर : बल्ब बहुधा ठीक आहे. बटणावर छोटा लाल इंडिकेटर असेल, तर त्यातून झिरपणारा किंचित प्रवाहही एलईडीला पुरतो. साधं ६ अँपिअरचं बटण बसवा. इंडिकेटर नसेल तर मामला गंभीर. बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (वीज परत नेणारी तार) जोडलेलं असू शकतं, म्हणजे ते बंद असूनही होल्डरमध्ये २३० व्होल्ट! बटण बंदच ठेवून बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावा (लाकडी स्टुलावरून, लोखंडी शिडी नको). एकीवर ठळक पेटला, तर हाच दोष. मेन स्विच बंद करून वायरमनकडून फेज बटणातून आणि न्यूट्रल थेट होल्डरला घ्या. जुन्या घरात वायरच्या लाल-काळ्या रंगांवर विसंबू नका.