कागद तुमचा, मजकूर त्यांचा

ताई, मेल दोनदा वाचला. सदाशिव पेठेतला वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या लेखक मित्राची पत्रं सापडली, १९४४ सालची, इटलीतून, मराठा पलटणीत असताना लिहिलेली, तुम्हाला ती दिवाळी अंकात द्यायचीत आणि लेखकाचा नातू म्हणतोय पत्रं आमची, परत करा नाहीतर नोटीस पाठवतो.

परत वगैरे काही करू नका. पत्र आजोबांच्या हातात पडलं तेव्हाच तो कागद आजोबांचा झाला, आता तुमचा (भावंडं असतील तर त्यांचाही, नंतर भांडण नको). पण त्यावर जे लिहिलंय त्याचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि ते १९७१ मध्ये गेले म्हणजे आता वारसांचा. ट्रंक तुमची पण छापायचा हक्क त्यांचा, विचित्र आहे खरं.

तुम्ही म्हणता ऐंशी वर्षं झाली, आता कसला कॉपीराइट. इथेच लोक फसतात. लेखक गेल्यावर ६० वर्षं हा हिशोब हयातीत छापलेल्या लेखनाचा, जे छापलंच नाही त्याला कॉपीराइट कायद्याचं कलम २४ लागतं, तिथे ६० वर्षं मोजायची ती पहिल्यांदा छापल्याच्या पुढच्या वर्षापासून. मित्राला पत्र धाडणं म्हणजे प्रकाशन नव्हे, मधे युद्धकाळातली पत्रं तपासणाऱ्या लष्करी सेन्सॉरने फोडून वाचलं असलं तरी नव्हे! म्हणजे तुमची ६० वर्षं अजून सुरूच झालेली नाहीत.

मेलमध्ये तुम्ही म्हणता तो लंडनचा डीलर मूळ पत्रं मागतोय, त्याला सरळ नाही सांगा. ७५ वर्षांहून जुनी, साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोलाची कागदपत्रं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतात, ती आपल्याला परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे प्रकरण नोटिशीपेक्षा महागात जाईल.

अंकासाठी लेखी परवानगी घ्या, नुसत्या नातवाची नाही, जेवढे वारस असतील तेवढ्यांच्या सह्या, आणि लेखकाने मृत्युपत्रात किंवा करारात हक्क दुसऱ्या कुणाला दिले होते का तेही विचारा. फोनवरचं 'हो हो, छापा की' चालत नाही.

आता एक गंमत. आजोबांनीही उत्तरं लिहिलीच असतील ना, ती त्या नातवाच्या घरात असणार, तिथे कागद त्याचा आणि मजकुराचा हक्क तुमच्याकडचा. तो संग्रह काढायला निघाला तर त्यालाही तुमची सही लागेल. नोटिशीला उत्तर देण्याआधी त्याला चहाला बोलवा आणि आधी हे विचारा.