गळाला लागलेला ट्राउट सोडायचा की तळायचा?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही कॅलिफोर्नियात सनीवेलला असतो. सासूबाई मालवणहून आल्यात आणि ऑगस्टमध्ये आम्ही सगळे तीन रात्री कॉन्व्हिक्ट लेकला कॅम्पिंगला चाललोय, बुकिंग झालंय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी १४ ची. मुलगी म्हणते ट्राउट पकडला की लगेच पाण्यात सोडायचा, आणि सासूबाई म्हणतात गरवलेला मासा कोणी परत टाकतं का, त्यांनी आगळाची (कोकमाच्या आंबट रसाची) बाटली आत्ताच काढून ठेवलीये. रोज जेवताना हाच वाद. मला आणि नवऱ्याला मासेमारीतलं काही येत नाही. कोणाचं ऐकू? आणि लायसन्स कोणाकोणाला लागेल?

उत्तर: दोघींचंही बरोबर आहे हो, फक्त ते तुम्ही गळाला काय लावता त्यावर ठरतं, आणि ते घरून निघायच्या आधीच ठरवायला हवं.

दुकानात पॉवरबेट म्हणून रंगीत कणकेसारखं आमिष मिळतं, नवशिक्यांना तेच देतात, कारण सोपं आहे, दोरीला लावलेलं शिसाचं वजन तळाशी जातं आणि आमिष हात-दोन हात वर तरंगत राहतं, ट्राउट तिथूनच फिरत असतो. पण मासा ते खाणं समजून गिळतो. गांडुळाचंही तेच. म्हणजे गरी (गळाचा आकडा) ओठात न अडकता घशात किंवा पोटात जाते, आणि असा मासा सोडला तरी बरेचदा जगत नाही. माझा मुलगा ८ वर्षांचा असताना आम्हीही एक सोडला होता, मी चिमट्याने गरी ओढून काढली, कल्ल्यातून रक्त आलं, तरी मुलाने टाळ्या वाजवून त्याला बाय केलं, आणि अर्ध्या तासाने तोच मासा काठाच्या दगडांमध्ये पोट वर करून तरंगत आला. पोरगा बोलला नाही काही, नुसता बघत बसला. मला ते अजून टोचतं, कारण तो मासा धड सुटलाही नाही आणि कोणाच्या पानातही पडला नाही.

तर असं करा. एक सकाळ आजींची. त्या दिवशी पॉवरबेट लावा आणि जे लागेल ते खायचं, मुलीला हे आधीच सांगून ठेवा. दुसरी सकाळ मुलीची. त्या दिवशी आमिष अजिबात नाही, चमकणारा छोटा स्पिनर, म्हणजे पाण्यात ओढला की गरगर फिरणारं पातं, लावायचा, त्याला एकच गरी ठेवायची आणि तिचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा. मासा स्पिनरवर झडप घालतो, त्यामुळे गरी बहुतेक ओठातच बसते. हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. मासा पाण्यातच ठेवून गरी सोडवा, फोटोसाठी दगडावर आडवा टाकू नका. आणि इतकं करूनही गरी खोल गेलीच तर तो मासा आजींचा. मुलीला नीट कारण सांगितलंत तर तिला पटेल, १४ वर्षांची मुलं आपण समजतो त्यापेक्षा जास्त समजून घेतात.

लायसन्स १६ वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना लागतं, म्हणजे तुम्ही, नवरा, आणि आजींनी काठी हातात घेतली तर त्यासुद्धा. त्यांच्यासाठी एका दिवसाचं काढा. नुसतं खुर्चीवर बसून बघायला काही लागत नाही, पण मालवणची बाई नुसती बघत बसेल असं मला वाटत नाही. मुलांना लायसन्स नको, पण दिवसाला माणशी ५ ट्राउटची मर्यादा त्यांनाही आहे.

मासेमारी सकाळी लवकर उरका, दुपारी त्या तळ्यावर वारा सुटतो आणि नवख्या माणसाची दोरी गुंतते नुसती. पाणी ऑगस्टमध्येही गारठवणारं असतं, धाकट्याला लाइफ जॅकेट घालूनच काठाला उभं करा.

खायचा मासा काठावर तडफडत ठेवू नका. मोठ्या माणसाने डोळ्यांच्या जरा मागे जोरात एक ठोका द्यायचा आणि लगेच पोट साफ करून बर्फात. ट्राउटचे खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. पोट फाडल्यावर आत कण्याला चिकटून काळपट लाल पट्टा दिसेल, तो अंगठ्याच्या नखाने खरवडून काढाच, नाहीतर मासा कडवट लागतो. आजींना सांगा की हा बांगडा नव्हे, मांस नाजूक असतं, बांगड्याइतका मसाला लावला तर चवच मरते. मीठ, हळद, थोडं तिखट, आगळ आणि वरून रवा, बास. तळायला गॅसची शेगडी घेऊन जा, उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे लाकडं पेटवायला बंदी येऊ शकते, निघायच्या आधी बघून घ्या. आणि छोटा कुकर न्याच. तळं साधारण ७,८५० फुटांवर आहे, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

आजींचं मात्र एक बघा. तुम्ही टायोगा पास या घाटावरून गेलात तर तो ९,९४३ फूट उंच आहे, समुद्रसपाटीवरून एका दिवसात थेट तिथल्या विरळ हवेत. त्यांना बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्या दिवशी काही करू नका, भरपूर पाणी, हलकं जेवण, डोकं दुखलं तर आराम, आणि दम लागला किंवा बरं वाटेनासं झालं तर वाट न बघता खाली उतरा. ऑगस्ट असला तरी पहाटेला स्वेटर-कानटोपी लागेल.

अस्वलं आहेत तिकडे. वास येणारं सगळं, मसाल्याचा डबा, टूथपेस्ट, मुलांचं लोशन, साइटवरच्या लोखंडी पेटीत ठेवून कडी लावायची, गाडीतसुद्धा काही ठेवायचं नाही. माशाची घाण तंबूजवळ टाकू नका, साफ करायला नेमलेली जागा असते तिथेच सगळं उरका. मासा तळल्यावर कपड्यांनाही वास राहतो, ते बदलूनच झोपा. आणि आगळाची बाटलीसुद्धा त्या पेटीतच, आजींच्या उशाशी नको.