ऐकायला कमी येणारी माझी मुलगी साइन लँग्वेज शिकतेय आणि तिला एक कर्णबधिर मुलगा आवडतो. तिला थांबवू का?

थांबवू नका, ताई.

तुमची लेक १६ वर्षांची आहे, दोन्ही कानांना मशीन लावते, स्पीच थेरपीमुळे स्वच्छ बोलते. आता ती कर्णबधिर मुलांच्या ग्रुपमध्ये जायला लागली, तर तिचं बोलणं बिघडेल आणि ती 'त्यांच्यातलीच' होऊन बसेल, ही भीती तुम्ही लिहिली आहे. मी डोंबिवलीत अशीच वाढले, म्हणून जरा मोठं उत्तर देते.

साइन शिकल्याने बोलणं जात नाही. बोलणं टिकतं ते सरावाने आणि नीट बसलेल्या मशीनने. मी आजही दिवसभर मराठी बोलते आणि साइनही करते.

खरी अडचण वेगळीच आहे. मूल स्वच्छ बोललं की घरच्यांना वाटतं, त्याला स्वच्छ ऐकूही येतं. मशीन आवाज मोठा करतं, पण गोंगाटातून शब्द वेगळे काढताना फार कमी पडतं. मग उरतात ओठ. 'पाय', 'बाय', 'माय' आरशासमोर नुसते ओठ हलवून म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतील. एका माणसाशी शांत खोलीत चालून जातं. कँटीनमध्ये पाच मैत्रिणी एकदम बोलायला लागल्या की नुसता अंदाज बांधायचा, सगळे हसले की हसायचं. संध्याकाळी ती घरी येऊन चिडचिड करत असेल, लवकर झोपत असेल, तर हा त्याचाच थकवा असू शकतो.

कागदावर सगळं सोपं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांचा दोष ६० ते ७० डेसिबल असेल तर 'ऐकण्यास कमी', ७० आणि पुढे 'बधिर'. जगताना मात्र शाळेत आपण 'जवळजवळ नॉर्मल' असतो आणि मनातून कुठलेच नसतो.

मला माझी माणसं लोकलच्या दिव्यांग डब्यात भेटली. मुंबईतल्या कित्येक कर्णबधिरांचा कट्टा तोच आहे. कोण कुठल्या गाडीत आहे हे व्हिडिओ कॉलवर ठरतं. पहिले प्रश्न ठरलेले: शाळा कुठली, आई-बाबा हिअरिंग (म्हणजे ऐकू येणारे) का, किती ऐकू येतं? कुणी कीव करत नाही. माझ्या हनुवटीवर तीळ आहे, त्यावरून ग्रुपने माझं साइनमधलं नाव ठेवलं. ते आपलं आपण ठेवायचं नसतं. सुरुवातीला काही जण म्हणायचे, 'ही तर बोलते, हिअरिंगच आहे.' ते लागायचं. तुमच्या लेकीलाही असं कुणी म्हणेल. भाषा हाताला बसली की ते बोलणं आपोआप थांबतं.

त्याच ग्रुपमध्ये तो होता, जन्मापासून पूर्ण बधिर. दादरला तो पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर उभा असायचा आणि मधल्या रुळांवरून आमच्या गप्पा चालायच्या. फास्ट गाडी धडधडत मध्ये आली की तेवढ्यापुरत्या थांबायच्या, शेवटचा डबा गेला की वाक्य तिथूनच पुढे. इतक्या गोंगाटात एकही शब्द न गाळता मी त्याआधी कुणाशीच बोलले नव्हते. त्याने पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा त्याच्या खांद्यावर मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा भाग, दाबला जाऊन मशीन शिट्टी मारायला लागलं. मी दचकले. त्याला शिट्टी ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्याने विचारलं, काय झालं? सांगितल्यावर म्हणाला, 'मग काढून ठेव ना, माझ्याशी बोलायला कशाला हवं?' मशीन काढून कुणासमोर निवांत बसता येतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे तो नोकरीसाठी लांब गेला आणि आमचं तुटलं. मी खूप रडले. तरी ते प्रेम माझ्या वाट्याला आलं याचा मला आजही आनंद आहे.

मुलगा कसा आहे, हे बघायचं असेल तर त्याला ऐकू येतं की नाही हे बघू नका. तिला एखादी गोष्ट कळली नाही तर तो पुन्हा सांगतो का, ते बघा. 'काही नाही, सोड' हे वाक्य आमच्यासारख्यांना आयुष्यभर ऐकावं लागतं, बहुतेक वेळा प्रेमाच्याच माणसांकडून. जो ते म्हणत नाही, तो मला चांगला वाटतो.

आणखी एक, आणि हे फार गरजेचं आहे. पाळी, शरीर, मुलांची नजर, नको म्हणायचा हक्क, यातलं बरंच मुलींच्या कानावर सहज पडत असतं: मावशी-काकूंच्या कुजबुजीतून, मैत्रिणींच्या गप्पांतून. आमच्या कानावर ते पडत नाही. तिला सगळं माहीत असेल असं धरून चालू नका. समोर बसवून, चेहऱ्यावर उजेड घेऊन, स्पष्ट शब्दांत सांगा. मोबाइल मात्र काढून घेऊ नका. व्हिडिओ कॉल म्हणजे तिचं बोलणं आहे. कुठले फोटो कुणाला पाठवायचे नाहीत, हे जरूर सांगा.

शक्य असेल तर तुम्हीही साइन शिका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा कोश काढलाय. 'साइन लर्न' हे त्यांचं ॲप फुकट आहे. त्या मुलाला एकदा घरी जेवायला बोलवा. टीव्ही बंद ठेवा, सगळ्यांचे चेहरे दिसतील असं बसा, एका वेळी एकानेच बोला. भाजी वाढताना 'अजून हवी?' एवढं तुम्हाला साइनमध्ये विचारता आलं, तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं.