संकेतस्थळ हलवल्यावर कोणाला जुने, कोणाला नवे का दिसते, आणि डोमेनच्या नोंदी कमांड लाइनवरून कशा तपासाव्यात?

आपला प्रश्न मला असा समजला. महाद्वार रोडवरील चपलांच्या दुकानाचे संकेतस्थळ आपण परवा नव्या होस्टिंगवर हलवले आणि त्याच वेळी डोमेनचे नेमसर्व्हरही (डोमेनच्या मूळ नोंदी सांगणारे सर्व्हर) बदलले. दुकानातील संगणकावर अजून जुनेच पान उघडते, पुण्यातील भावाला नवे दिसते, गिऱ्हाइकांचे मेल येणे बंद झाले आहे आणि होस्टिंगवाले ‘४८ तास थांबा’ याखेरीज काही सांगत नाहीत. मी कोल्हापुरातच छोट्या व्यापाऱ्यांची संकेतस्थळे सांभाळतो आणि हा प्रसंग माझ्यावरही एकदा ओढवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हे तपासायला साधन एकच पुरे आहे: कमांड लाइनवर, म्हणजे आदेश टंकण्याच्या खिडकीत, चालणारे ‘डिग’. ते बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरबरोबर येते. मॅकवर ते आधीपासून असते, उबुंटूवर ‘डीएनएसयूटिल्स’ आणि फेडोरावर ‘बाइंड-यूटिल्स’ हे पॅकेज बसवल्यावर मिळते. विंडोजमध्ये ‘एनएसलुकअप’ आयते असते आणि घाईच्या वेळी तेही चालते. परंतु नोंद आणखी किती वेळ ग्राह्य आहे हे ते नेहमीच्या वापरात दाखवत नाही, आणि आपल्याला नेमके तेच पाहायचे आहे. (खालील आदेश वाचनासाठी देवनागरीत दिले आहेत, टंकताना रोमन अक्षरे व इंग्रजी अंक वापरावेत.)

‘डिग आपले-डोमेन ए’ असा आदेश दिला की बराच मजकूर येतो. (‘ए’ ही नोंद नावाचा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा अंकी पत्ता, सांगते.) त्यातील उत्तराच्या भागात एक ओळ असते: आधी नाव, मग एक आकडा, मग वर्ग, मग नोंदीचा प्रकार आणि शेवटी आयपी पत्ता. बहुतेक जण शेवटचा पत्ता तेवढा वाचतात. मी आधी मधला आकडा वाचतो. त्याला टीटीएल म्हणतात आणि तो सेकंदांत असतो. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. तितका वेळ ती नोंद मधल्या सर्व्हरने स्वतःजवळ ठेवून वापरायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ.

येथे सातबाराचे उदाहरण चपखल बसते. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरी असते आणि गावात तिच्या झेरॉक्स फिरत असतात. फेरफार झाला म्हणून हातोहाती गेलेल्या झेरॉक्स आपोआप बदलत नाहीत. आपल्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर, गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे सगळे झेरॉक्स बाळगणारे आहेत. फरक एवढाच की या झेरॉक्सवर मुदत छापलेली असते आणि मुदत संपली की त्यांना पुन्हा मूळ दप्तरात जावे लागते. म्हणून ‘बदल हळूहळू जगभर पसरतो’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य मला मान्य नाही. पसरत काहीच नाही; जुन्या प्रती एकेक करून मुदतबाह्य होतात. भावाच्या सर्व्हरकडची प्रत आधी संपली किंवा त्याच्याकडे ती कधी नव्हतीच, आपल्याकडची अजून जिवंत आहे.

हे स्वतः पडताळून पाहता येते. ‘डिग आपले-डोमेन एनएस’ या आदेशाने नेमसर्व्हरची नावे मिळवावीत. तीही जुनी निघाली, तर नव्या होस्टिंगवाल्यांनी दिलेले नाव घ्यावे. मग त्यालाच थेट विचारावे: ‘डिग @नेमसर्व्हरचे-नाव आपले-डोमेन ए’. उत्तराच्या वरच्या भागातील फ्लॅगांमध्ये (उत्तराविषयीच्या खुणांमध्ये) ‘एए’ ही अक्षरे दिसली, म्हणजे उत्तर मूळ दप्तरातून आले. हाच आदेश दहा सेकंदांनी पुन्हा दिला तरी टीटीएलचा आकडा तोच राहतो. इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला विचारल्यास मात्र तो दहाने उतरलेला दिसेल, आणि जो आकडा उरला असेल तेवढेच सेकंद त्या नोंदीपुरते आपल्याला थांबायचे आहे; नेमसर्व्हरच्या नोंदीची मुदत वेगळी, ती पुढे येते. (८.८.८.८ ला विचारताना आकडा कधी कधी मागेपुढे उडी मारतो, कारण त्या एका पत्त्यामागे अनेक यंत्रे आणि त्यांचे वेगवेगळे साठे आहेत.)

आता ४८ तासांविषयी. डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरांवर प्रत्येक डोमेनच्या नेमसर्व्हरची नोंद १७२८०० सेकंदांच्या टीटीएलसह असते, म्हणजे बरोबर दोन दिवस. होस्टिंगवाल्यांचा आकडा बहुधा येथूनच आला असावा आणि नेमसर्व्हर बदलले असतील तर तो अगदीच निराधार नाही. ही साखळी ‘डिग +ट्रेस आपले-डोमेन’ या आदेशाने डोळ्यांनी पाहता येते: आधी ए ते एम अशा तेरा नावांचे रूट (सगळ्यांत वरचे) सर्व्हर, मग डॉट कॉमचे सर्व्हर, मग आपले. ट्रेस मधल्या साठ्यांना वगळून चालत असल्यामुळे तेथे नवा पत्ता दिसला, तर दप्तरातील फेरफार नीट झाला आहे असे समजावे.

आदेशाच्या उत्तरात ‘स्टेटस’ असाही एक शब्द असतो, तो वगळू नये. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे ते नावच अस्तित्वात नाही. ‘नोएरर’ असूनही उत्तर शून्य असेल, तर नाव आहे पण त्या प्रकारची नोंद नाही. ‘सर्व्हफेल’ (सर्व्हरला उत्तर देता आले नाही) आल्यास ‘+सीडी’, म्हणजे ‘सही तपासू नका’, जोडून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. तसे केल्यावर उत्तर मिळाले, तर दोष डीएनएससेकच्या, म्हणजे नोंदी खऱ्या असल्याची सहीने खात्री करणाऱ्या व्यवस्थेच्या, सह्यांमध्ये आहे: नेमसर्व्हर बदलताना जुनी डीएस नोंद (सही पडताळण्याची खूण) रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन जेथून घेतले त्या कंपनीकडे, बहुधा तशीच राहून गेलेली असते. अशा वेळी सही तपासणाऱ्या सर्व्हरच्या ग्राहकांना संकेतस्थळ मुळीच उघडत नाही आणि न तपासणाऱ्यांना व्यवस्थित उघडते. मग कितीही तास थांबले तरी उपयोग नसतो.

मेलची गोष्ट वेगळी आहे आणि तेथे माझा अनुभव कामी यावा. एका गूळ व्यापाऱ्याचे संकेतस्थळ मी ऐन हंगामात हलवले. नव्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये (नोंदी भरण्याच्या पानावर) ए नोंद भरली आणि मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे हे सांगणारी एमएक्स नोंद भरायला विसरलो. नेमसर्व्हर बदलताच जुन्या पॅनेलमधील सगळ्या नोंदी निरर्थक ठरल्या. एमएक्स नोंद नसेल तर पाठवणारा मेल सर्व्हर ए नोंदीच्या पत्त्यावरच मेल देऊ पाहतो. तो पत्ता संकेतस्थळाच्या सर्व्हरचा होता आणि तेथे मेल घेणारे कोणी नव्हते. दोन दिवसांनी व्यापाऱ्यांनी शांतपणे विचारले, “अहो, मागण्याच का येईनात?” तेव्हापासून हलवण्याआधी मी एमएक्स आणि टीएक्सटी (मजकुराची नोंद) अशा दोन्ही प्रकारांचे ‘डिग’ करून उत्तरे फाइलमध्ये ठेवतो.

आपणही जुन्या नेमसर्व्हरचे नाव @ लावून त्याला आत्ताच ‘डिग आपले-डोमेन एमएक्स’ विचारावे. तो बहुधा अजून उत्तर देईल. मिळालेली नावे, प्रत्येक नावापूर्वी लिहिलेल्या प्राधान्याच्या आकड्यासह, नव्या पॅनेलमध्ये जशीच्या तशी उतरवावीत. जो आकडा लहान, त्या सर्व्हरकडे मेल आधी जातो. टीएक्सटीमध्ये ‘व्ही=एसपीएफ१’ने सुरू होणारी ओळ (आपल्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात हे सांगणारी) असल्यास तीही घ्यावी, नाहीतर आपण पाठवलेले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ लागतील. मेल जुन्याच होस्टिंगवर असेल, तर ते खाते चालू ठेवणेही ओघाने आलेच.

एक बारीक गोष्ट राहिली. ‘डिग’ आपल्या संगणकातील होस्ट्स फाइल (नावे आणि पत्ते हाताने लिहून ठेवण्याची फाइल) वाचत नाही, ब्राउझर मात्र तिला मानतो. ‘डिग’ नवा पत्ता दाखवत असेल आणि ब्राउझर जुनेच पान उघडत असेल, तर संकेतस्थळ बनवणाऱ्याने चाचणीसाठी त्या फाइलमध्ये एखादी ओळ घालून ठेवली आहे का ते पाहावे. विंडोजवर त्यानंतर संगणकातील जुन्या प्रती पुसणारा ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ हा आदेश चालवावा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा.

दरम्यान जुन्या पॅनेलमध्ये शिरता येत असेल, तर तेथील ए नोंदीतही नव्या होस्टिंगचा पत्ता घालावा, म्हणजे ज्यांच्याकडे जुन्या नेमसर्व्हरची प्रत आहे तेही योग्य ठिकाणी पोहोचतील. आणि जुने होस्टिंग निदान आठवडाभर तरी बंद करू नये.