अपील ‘दाखल केले’ की ‘दाखल करून घेतले’?

‘उच्च न्यायालयाने अपील दाखल केले’ हे बातम्यांत आढळणारे वाक्य बरोबर आहे काय, आणि तसे झाले म्हणजे अपील करणारा जिंकला असे समजावे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अपील दाखल करतो तो पक्षकार. न्यायालय ते दाखल करून घेते किंवा घेत नाही. मुलाला शाळेत पालक दाखल करतात आणि शाळा त्याला दाखल करून घेते, हे कोणालाही समजते. मग न्यायालयाच्या बातम्या रोज लिहिणाऱ्यांनी हा फरक पुसून टाकावा, याचा मनापासून संताप येतो, कारण या ‘करून घेणे’मध्ये कायद्याचा एक अख्खा टप्पा सामावलेला आहे.

दिवाणी दाव्यातले दुसरे अपील, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालावर उच्च न्यायालयात केलेले अपील, पाहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कार्यालयात, कागद दिले, की ते दाखल झाले. ते दाखल करून घ्यायचे की नाही, हे मात्र पुढे न्यायमूर्ती ठरवतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला असावा लागतो. १९७६ च्या दुरुस्तीपासून तो प्रश्न न्यायालयाने स्वतः शब्दांत मांडायचा असतो. खालच्या न्यायालयांनी साक्षीपुराव्याची पारख नीट केली नाही, एवढी तक्रार सहसा पुरत नाही. प्रश्न ‘महत्त्वाचा’ कधी मानावा, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये चुनीलाल मेहता प्रकरणात सांगितली: तो सार्वजनिक महत्त्वाचा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट आणि मोठा परिणाम करणारा असावा, आणि तो अजून अंतिमतः सुटलेला नसावा किंवा त्यात भिन्न मतांना वाव असावा. अपील दाखल करून घेतले, याचा अर्थ असा प्रश्न प्रथमदर्शनी दिसला, इतकाच होतो. असा प्रश्न उद्भवतच नाही, असे सुनावणीच्या वेळी म्हणण्याचा हक्क प्रतिवादी पक्षाला त्यानंतरही असतो.

आता शब्दाकडे वळू. ‘दाखल’ अरबीतून फारसीमार्गे आला, आणि द-ख-ल या धातूचा अर्थ आत शिरणे असा आहे. दखल आणि बेदखल ही त्याचीच भावंडे. त्याच्या उलट ख-र-ज, म्हणजे बाहेर पडणे, आणि त्यावरून ‘खारीज’. उत्तरेकडे जमिनीच्या फेरफाराला ‘दाखिल-खारिज’ म्हणतात, कारण नोंदवहीत नव्या मालकाचे नाव आत येते आणि जुन्याचे बाहेर जाते. पण खरा आनंद पुढेच आहे. आपला रोजचा ‘खर्च’ हाही याच ख-र-ज धातूचा, गाठीतून बाहेर जाणारा पैसा. तेव्हा ‘अपील खर्चासह खारीज’ असा आदेश होतो, त्यात एकाच धातूचे दोन शब्द शेजारी बसलेले असतात: अपील न्यायालयाबाहेर जाते आणि त्याच्यामागून पक्षकाराचा पैसाही बाहेर जातो. तीन-चार शब्दांच्या न्यायालयीन आदेशात इतका देखणा योग मला दुसरा माहीत नाही.

म्हणूनच ‘दाखल’ला परका ठरवून ‘स्वीकृत’ लिहा, असा आग्रह धरणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझे मुळीच जमत नाही. कागद रजिस्ट्रीही स्वीकारते आणि अपील न्यायमूर्तीही स्वीकारतात. जो भेद दाखवण्यासाठी शब्द हवा, तोच ‘स्वीकृत’ बुडवतो. शतकानुशतके दप्तरांत रुळलेला शब्द काढून त्याच्या जागी अधिक धूसर शब्द बसवणे, याला भाषेची सेवा म्हणता येत नाही.

‘दाखला’ हा ‘दाखवणे’वरून आला, असे सांगणाऱ्यांचेही म्हणणे टिकत नाही. ‘दाखवणे’ प्राकृतातल्या ‘दक्ख’ या धातूचे आहे आणि ‘दाखला’ द-ख-ल कुळातला आहे. हिंदीत ‘दाखिला’ मुख्यतः प्रवेश या अर्थी उरला, तर मराठीत ‘दाखला’ला उदाहरणाचा आणि पुराव्याचा अर्थ ठळकपणे चिकटला, तो शेजारच्या ‘दाखवणे’च्या आवाजामुळे चिकटला असावा, असे माझे ठाम मत आहे. अपील दाखल करून घ्यावे म्हणून वकील जुन्या निकालांचे दाखले देतात, त्यातला ‘दाखला’ हा अर्थाने ‘दाखवणे’कडे झुकलेला असला तरी जन्माने ‘दाखल’चाच आहे.